आलेखाआधी मैदान वाचा : ॲड-हॉक नेटवर्कवरचा एक गाजलेला पेपर



पीएच.डी. प्रवेशाची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी गेल्या महिन्यात मला जवळपास एकच प्रश्न विचारला : "मोबाइल ॲड-हॉक नेटवर्कमध्ये एओडीव्ही प्रोटोकॉल सुधारून दाखवला, तर विषय म्हणून चालेल का?" चालेल की. पण त्याआधी एक पेपर नीट वाचा. मी तो घाईत वाचला होता आणि त्याची किंमतही मोजली.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या नेटवर्कमध्ये टॉवर नसतो, मध्यवर्ती नियंत्रणही नसतं. फिरती उपकरणंच एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, वाट शोधतात आणि ती मोडली की नवी शोधतात. वाट शोधण्याचे नियम म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल.

ज्या पेपरबद्दल बोलतोय तो १९९८ च्या मोबिकॉम परिषदेतला आहे. जॉश ब्रॉख, डेव्हिड माल्ट्झ, डेव्हिड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात तो लिहिला. डीएसडीव्ही, टोरा, डीएसआर आणि एओडीव्ही हे चार प्रोटोकॉल त्यांनी एनएस-२ या सिम्युलेटरमध्ये एकाच परिस्थितीत पळवले : ५० नोड, १५०० × ३०० मीटरचं मैदान, ९०० सेकंद.

आधी चांगलं काय ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. तोपर्यंत जो तो आपल्या प्रोटोकॉलची आपल्याच अटींवर परीक्षा घेत होता. इथे चौघांना एकच पेपर, एकच वेळ. मैदान चौरस न घेता लांबट का घेतलं, तर वाटा लांब व्हाव्यात म्हणून, हेही लेखकांनी सांगितलंय. डीएसआर हा त्यांच्याच गटाचा प्रोटोकॉल, त्यामुळे निकाल वाचताना ते लक्षात ठेवायला हवं. पण बाकीच्या प्रोटोकॉलमध्येही त्यांनी सुधारणा करून घेतल्या आणि एनएस-२ मधली आपली भर सगळ्यांसाठी खुली केली. इतका प्रामाणिकपणा आजही सगळीकडे दिसत नाही.

आता माझे आक्षेप.

पहिला आक्षेप नोडच्या चालण्याबद्दल. पेपरमधले नोड 'रँडम वेपॉइंट' पद्धतीने फिरतात : मैदानात कुठलाही एक बिंदू निवडायचा, ० ते २० मीटर प्रति सेकंद यातला कुठलाही वेग घ्यायचा, तिथे पोचायचं, थांबायचं, पुन्हा तेच. वाचताना वाटतं, सरासरी वेग १० असणार. पण हिशेब करून बघा. १००० मीटर जायला २० च्या वेगाने ५० सेकंद लागतात. ०.१ चा वेग हाती आला तर १०,००० सेकंद, म्हणजे ९०० सेकंदांचा खेळ संपला तरी तो नोड वाटेतच. वेगवान नोड पटकन पोचून नवा वेग निवडतो, मंद नोड मंदच अडकून राहतो. जसजसा वेळ जातो तसतसे मंद नोड साचत जातात आणि सगळ्या नेटवर्कचा सरासरी वेग घसरत राहतो. यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं. उपाय सोपा आहे : किमान वेग शून्य ठेवायचा नाही. तो १ ठेवला आणि मध्ये थांबा नसला, तर सरासरी शेवटी साधारण ६.३ वर स्थिरावते. तीही १०.५ नाहीच, पण निदान स्थिर असते. मोजमाप त्यानंतर सुरू करायचं.

माझी चूक इथलीच. पहिल्या वर्षी मी एओडीव्हीत एक बदल केला : जुन्या वाटांचा अनुभव लक्षात ठेवायचा. सिम्युलेशन जितकं लांबवावं तितका निकाल सुधारत जायचा. मी खूश, "प्रोटोकॉल शिकतोय" असं प्रेझेंटेशनमध्ये ठोकूनही दिलं. एका सीनियरने विचारलं, "साधा एओडीव्ही तेवढाच वेळ चालवून बघितलास?" चालवला. तोही तसाच 'शिकत' होता! नोड मंदावत होते, वाटा कमी मोडत होत्या, बाकी काही नाही. चार महिन्यांचं काम त्या संध्याकाळी बाजूला ठेवावं लागलं.

दुसरा आक्षेप रेडिओबद्दल. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक नोडचा पल्ला सुमारे २५० मीटर, सगळीकडे सारखा, ना भिंत ना झाड. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात लुंडग्रेन, नॉर्डस्ट्रॉम आणि त्शुडिन यांनी एओडीव्ही खऱ्या लॅपटॉपवर चालवला, तेव्हा वेगळंच दिसलं. 'मी इथे आहे' सांगणारे छोटे हॅलो निरोप कमी डेटा-दराने जातात, म्हणून लांब पोचतात. खरा डेटा जास्त दराने जातो आणि तेवढ्या अंतरावर पोचत नाही. नोडला वाटतं शेजारी आहे, पण पाकिटं हरवतात. या पट्ट्याला त्यांनी २००२ मध्ये 'ग्रे झोन' म्हटलं. १९९८ च्या मैदानात हा दोष दिसणं शक्यच नव्हतं.

तिसरा आक्षेप या पेपरवर कमी आणि आपल्यावर जास्त. प्रस्तावनेत आपण भूकंप, महापूर लिहितो आणि सिम्युलेशनमध्ये माणसांना ताशी ७२ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने मोकळ्या मैदानात एकेकटं पळवतो. पुरात माणसं गटाने हलतात, नावेत बसतात, एका शाळेत तासन्‌तास थांबतात. लेखकांनी एका परिस्थितीतली तुलना दिली होती. पुढच्यांनी आकडे उचलले, कारणं मागे ठेवली. कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी २००० ते २००५ या काळातले मोबिहॉक परिषदेचे पेपर तपासले, तेव्हा सिम्युलेशनवर आधारलेल्या पेपरांपैकी पुन्हा करून बघता येतील असे १५ टक्केही निघाले नाहीत.

म्हणून विषय ठरवण्याआधी एवढं करा. पेपरमधला सिम्युलेशनच्या मांडणीचा भाग आधी वाचा, आलेख नंतर. किमान वेग, थांब्याचा वेळ, रेडिओचं मॉडेल, किती वेळा चालवलं आणि सुरुवातीचे किती सेकंद वगळले, हे वहीत लिहून काढा. जे सापडत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. मग मूळ प्रोटोकॉल स्वतः चालवा, आणि तुमचा बदल त्याच्या नंतर.

एवढं करून तुमचा एओडीव्ही जिंकला, तर गाईडसमोर बिनधास्त जा. हरला, तरी तो का हरला हे तुम्हाला माहीत असेल, आणि विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

भेटू पुढच्या पोस्टमध्ये.