पुरोहितराजाचे पुण्य

मेजाभोवती बसून, कल्पित जगातील भूमिका घेऊन खेळावयाच्या कथाखेळांना आता अर्धशतक उलटले. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सूत्रधाराने संकट रचावे व खेळाडूंनी आपापल्या पात्राच्या तोंडून त्यास उत्तर द्यावे, ही रीत तेव्हापासूनची. या खेळांना वाङ्मय म्हणावे काय, हा वाद आम्ही तूर्त बाजूस ठेवतो. आमचा प्रश्न इतकाच की, त्यांतील धर्मवेडा खलपुरुष बहुधा पोकळ का निघतो?

काळा झगा, हाती सुरी, मुखी अभद्र मंत्र. एवढ्या सामग्रीवर पंथच्या पंथ उभे केले जातात. दोष काही अंशी खेळाच्या घडणीतला आहे. आरंभी पात्रांच्या वृत्तीचे सुव्यवस्था, तटस्थता व अनागोंदी असे तीनच वर्ग होते. पुढे त्यांत सुष्ट-दुष्ट ही जोडी मिसळली आणि खलाच्या टिपणावर 'दुष्ट' हा शेरा आधीच पडू लागला. परंतु जो स्वतःला दुष्ट समजतो तो स्वार्थी असेल, क्रूर असेल. धर्मवेडा खास नव्हे.

म्हणूनच 'ड्रॅगनलान्स'मधील इस्टार नगरीचा पुरोहितराज आम्हांस मोलाचा वाटतो. मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांनी १९८४ पासून खेळ आणि कादंबरी अशा दोन्ही अंगांनी हे जग वाढविले. पुरोहितराज सुष्ट देवांचा भक्त. दुष्टतेचा निःपात हे त्याचे व्रत. प्रथम दुष्कृत्यांची यादी निघते. पुढे दुष्ट विचार हेही दुष्कृत्यच ठरते. अखेर तो देवांनाच आज्ञा करू पाहतो आणि ते इस्टारवर जळता पर्वत लोटतात. त्याच पुण्यनगरीत गुलामांचा बाजारही भरतो. १९८६ च्या 'टाइम ऑफ द ट्विन्स'मध्ये बलदंड कॅरमन तेथेच विकला जातो. पुरोहितराज नेमका कोठे घसरला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून रास्तच दिसते.

तथापि आम्हांस एक उणीव जाणवते. फर्मान निघाल्याचे कळते; ते उतरून घेणारा, वहीत नावे चढविणारा माणूस हवा तितका दिसत नाही. (हा आमच्या पेशाचा पक्षपात म्हणा हवा तर.)

दिल्लीत आमच्या सरकारी वसाहतीत रविवारी चारपाच स्नेही या खेळासाठी जमतात. सूत्रधार या नात्याने आम्ही असाच एक महंत रचला, पण खेळाडूंची गाठ घातली ती त्याच्या कचेरीतील कारकुनाशी. कारकून विनयशील, अक्षर सुवाच्य, घरी पत्नी आजारी. "नाव वगळण्याचा अधिकार मला नाही," एवढेच तो म्हणे. तलवारी उपसून आलेली मंडळी थबकली. संशयितांच्या यादीत एका नावाची वेलांटी चुकली होती. कचेरीत रोज मसुदे तपासणाऱ्या एका स्नेह्याने ती सवयीने दुरुस्त करविली. त्या चुकीमुळेच तो मनुष्य सुटणार होता, हे त्याच्या ध्यानी आले तेव्हा शिपाई निघून गेले होते.

त्या रात्री खेळ पुढे गेला नाही. महंत आमच्या वहीत अजून तसाच आहे. त्याच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नाही.