जमान, मकान, इख्वान : रॉकच्या मैफलीला एक जुनी कसोटी

संगीत ऐकावे की नाही, हा आपल्या समाजातील फार जुना वाद आहे. तो येथे उकरून काढण्याचा आमचा इरादा नाही. पण त्याच वादातून हाती आलेली एक कसोटी आम्हांस मोलाची वाटते. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात समाचे अदब सांगताना हजरत जुनैद बगदादी यांचा हवाला दिला आहे. समासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : जमान, मकान आणि इख्वान. म्हणजे योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. ही कसोटी आम्ही मुंबईच्या रॉक संगीताला आणि त्याला आसरा देणाऱ्या नाइटक्लबांना लावून पाहणार आहोत.

इस्लापूर हे किनवट तालुक्यातले, पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचे गाव. इथे बसून नाइटक्लबची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण मोबाइलवर गिटार शिकणारी पोरे आता खेड्यापाड्यांतही आहेत. ती वाजवणार कुठे आणि कोणापुढे, हा प्रश्न मुंबईने आपल्या आधी सोडवून पाहिला आहे. तिचे यश आणि अपयश दोन्ही आपल्या उपयोगाचे आहे.

प्रथम मकान. धोबी तलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह. १९७८ मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा तिथे रंगली आणि १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा वार्षिक महोत्सवही. १९८४ मध्ये जमलेला आणि पुढे इंडस क्रीड या नावाने ओळखला गेलेला रॉक मशीन हा वाद्यवृंद याच पिढीचा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयेही आणि महाविद्यालयही. तिथल्या मैफली थांबल्या. आजाऱ्याच्या झोपेचा हक्क गाण्याहून मोठा आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु उघड्या आभाळाखाली, साध्या तिकिटात हजारो पोरांना सामावणारी जागा गेली, ती गेलीच.

मग हे संगीत बंद दारांआड गेले. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हा क्लब उघडला. तो उभारणाऱ्यांत आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोन संगीतकार होते, म्हणून तिथे ध्वनिव्यवस्थेला मान होता आणि वाद्यवृंदांच्या स्वतःच्या रचनांनाही. वर्षातून एकदा भरणारा महोत्सव कलावंताला उजेड देतो, पण त्याला घडवते ती आठवड्यामागून आठवडा मिळणारी रात्र. हे काम या क्लबने २०१६ पर्यंत त्या जागी केले आणि ते खरोखर मोठे होते.

तरीही एक गोष्ट आम्हांस खटकते. हा भाग म्हणजे गिरणगाव. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, यांनी अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून याच गिरणगावातल्या कामगारांसमोर गाणी गायिली. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी विझत गेली आणि जमिनीवर मॉल आणि क्लब उगवले. संगीत त्याच मातीवर परतले, पण गिरणी कामगाराचा मुलगा त्याच्या दाराबाहेर राहिला. शिवाय जागा सुरक्षितही हवी. २९ डिसेंबर २०१७ रोजी जवळच्याच कमला मिल आवारातील पबांना लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली. मकानाचा अर्थ केवळ भिंती आणि दिवे एवढाच नाही.

आता इख्वान. क्लबात पोट चालते ते बारवर. वाद्यवृंद हा तिथे गिऱ्हाईक बसवून ठेवण्याचे साधन होतो आणि गाण्याची किंमत टेबलावरच्या बिलावरून ठरते. असे गिऱ्हाईक ओळखीचे गाणे मागते, म्हणून विलायती गाण्यांची नक्कल सोयीची पडते. न्यूयॉर्कमध्ये १९७३ ते २००६ या काळात चाललेल्या सीबीजीबी या क्लबने वाद्यवृंदांना अट घातली होती की गाणी स्वतःची हवीत. त्या एका अटीने नव्या संगीताला वाट करून दिली. मुंबईच्या रॉकबद्दल आमची मुख्य तक्रार इथेच आहे. वाजवणे कसलेले, पण शब्द बहुतेक इंग्रजी आणि ते गाणाऱ्याच्या घरचे नव्हेत. पाकिस्तानातील जुनून या वाद्यवृंदाने बुल्लेशाहचा कलाम गिटारवर घेतला, तेव्हा ऐकणाऱ्याला तो परका वाटला नाही. आपल्याकडे सगनभाऊंसारख्या मुसलमान शाहिराची मराठी लावणी पेशवाईपासून आहे. त्या शब्दसंपत्तीकडे रॉकवाल्यांनी क्वचितच पाहिले.

राहिला जमान. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. काही मोजक्या दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. रॉक म्हणजे मध्यरात्र आणि मद्य, अशी समजूत असलेल्यांना हे गळा दाबल्यासारखे वाटते. पण इतिहास वेगळे सांगतो. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये बीटल्स १९६१ ते १९६३ या काळात तीनशेच्या आसपास वेळा वाजले आणि त्यांतल्या कितीतरी मैफली भर दुपारी, कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुटीत झाल्या. त्या वेळी त्या तळघरात दारू विकण्याचा परवाना नव्हता. चहा, सरबत, सूप यांवर भागत असे. म्हणजे रॉकला रात्र लागत नाही, दारूही लागत नाही. लागते ती ठरलेली जागा आणि पुन्हा पुन्हा येणारा श्रोता.

हे आम्ही आपल्या घरापर्यंत आणू इच्छितो. मराठवाड्यात मंच नाहीत असे नाही. कंधारच्या हाजी सय्याह सरवरे मगदूम यांच्या दर्ग्याचा उरूस आहे, माळेगावच्या खंडोबाची यात्रा आहे. तिथे कव्वाल आले, तमाशाचे फड आले आणि लोकांनी त्यांना पोसले. पण वर्षातून एकदा भरणाऱ्या मेळ्यावर स्थानिक पोराचा हात बसत नाही. गावच्या लग्नातून बॅण्डवाला आणि कव्वालही हटत चालला आहे, कारण डीजेच्या भिंतीपुढे जिवंत वादकाला कोणी विचारीत नाही. यंत्र थकत नाही, चुकत नाही आणि बिदागीसाठी अडूनही बसत नाही. पण त्याच्यापाठी एखादा मुलगा ढोलक शिकत नाही, हेही तितकेच खरे.

आमची सूचना साधी आहे. शादीखाना, शाळेचे सभागृह, ग्रामपंचायतीची जागा, जे असेल ते महिन्यातून एका संध्याकाळी द्यावे. मगरिबनंतर सुरू करून दहाच्या आत आटोपावे. चहा मिळावा. तिकीट थोडे का होईना पण असावे, कारण फुकट ऐकणारा श्रोता फार काळ बसत नाही, आणि तो पैसा वादकाच्या हाती पडावा. अट एकच : निम्मी गाणी तरी स्वतःची आणि आपल्या बोलीतली हवीत. गिटारशेजारी डफ बसला तर आणखी उत्तम.

संगीतच नको, असे मानणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. मात्र जे ऐकतातच, त्यांनी आपल्या पोरांना डीजेच्या भिंतीपाशी किंवा शहरातल्या बारच्या दारी सोडून देऊ नये. वेळ, जागा आणि सोबती या तिन्ही गोष्टी त्यांना गावातच मिळवून देता येतील.