मीन, अंक आणि ग्रह : न उलगडलेल्या लिपीच्या वाचनाविषयी

न उलगडलेल्या लिपीपुढे भल्याभल्या अभ्यासकांना एक मोह आवरत नाही : चिन्हे मोजायची, त्या संख्येला आकाशातले एखादे ज्योतिर्बिंब बहाल करायचे आणि त्यालाच अर्थ म्हणायचे. ईस्टर बेटावरील 'रोंगोरोंगो' फलकांच्या वाट्याला हे वारंवार आले. १९३२ मध्ये गियोम द हेवेशी यांनी त्यांतील चिन्हांचे सिंधू लिपीशी साम्य दाखविले. सिंधू लिपी इ. स. पू. १९०० च्या सुमारास लोप पावली आणि रोंगोरोंगोची पहिली नोंद १८६४ ची, ही अडचण साम्याच्या आनंदात मागे पडली.

त्याच दशकात मुंबईत फादर हेन्री हेरास सिंधू मुद्रांवरील माशाचे चिन्ह द्राविडी 'मीन' असे वाचत होते. तमिळमध्ये मीन म्हणजे मासा आणि ताराही. पुढे आस्को पार्पोला यांनी १९९४ च्या ग्रंथात संख्याचिन्ह व मासा यांची जोडी नक्षत्रवाचक मानली : सहा मीन म्हणजे कृत्तिका, सात मीन म्हणजे सप्तर्षी. प्राचीन तमिळमध्ये ही नावे खरोखरच आढळत असल्याने या तर्काला हेवेशींच्या आकारसाम्यापेक्षा निश्चितच अधिक वजन आहे. परंतु त्याला दुजोरा देणारा द्विभाषिक लेख उपलब्ध नाही. हेरासांनी तर सबंध वाक्येच वाचली. त्यांची चेष्टा करणे सोपे आहे. पण वाचक नकळत संहितेचा कर्ता कसा होतो, हे त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखविले असेल.

चिन्ह, संख्या व ग्रह यांचे नाते मराठी संशोधकाला परके नाही. भूतसंख्येत चंद्र एक, नेत्र दोन, वेद चार, ग्रह नऊ. आणि अंक शब्दांच्या उलट क्रमाने मांडायचे. मात्र संकेत ठाऊक असूनही 'समुद्र' चार की सात, 'दिशा' चार, आठ की दहा, हा प्रश्न उरतोच. जळकोट-नळदुर्ग भागातील एखादी पोथी हाती आली आणि तिच्या पुष्पिकेत असा शब्दांकित शक असला, तर आपण संवत्सर, तिथी व वार ताडून पाहतो. वार जुळला नाही, तर वाचन मागे घेतो.

रोंगोरोंगोत अशी सोय जवळजवळ एकाच जागी आहे. 'मामारी' फलकावरील चंद्रकोरींची मालिका टोमास बार्थेल यांनी १९५८ मध्ये चांद्रमासाची गणना म्हणून ओळखली, ती बेटवासीयांकडून टिपलेली चंद्ररात्रींची नावे हाताशी होती म्हणून. तिचाही शब्दशः उच्चार आज करता येत नाही. ग्रहांचा दावा करणाऱ्याने आपले कोणते वाचन कोणत्या पुराव्याने चुकीचे ठरेल, एवढे आधी सांगावे.