सिल्कस्टोनचा शिलालेख

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यातील सिल्कस्टोन येथे, ऑल सेंट्स चर्चच्या दफनभूमीत १८४१ साली उभारलेला एक स्मृतिस्तंभ आहे. ४ जुलै १८३८ रोजी हस्कर कोळसाखाणीत बुडून मेलेल्या २६ बालकामगारांचे हे स्मारक. त्यांत ११ मुली व १५ मुलगे होते. वयोमर्यादा ७ ते १७. वादळी पावसाने खाणीतून माणसे वर आणणारे यंत्र बंद पडले. मुले तिरप्या भुयाराने बाहेर पडू लागली. तोच तुडुंब भरलेल्या ओढ्याचे पाणी आत घुसले आणि हवेच्या बंद दारापाशी त्यांना मृत्यूने गाठले.

वाङ्मय म्हणून हा लेख सामर्थ्यवान आहे. मेघगर्जना, वीज, गारा व पाऊस प्रभूनेच धाडले, असे सांगत तो चढत्या लयीने पुढे सरकतो आणि एकाएकी वाचकाकडे वळून त्याला न्यायाच्या दिवसाची आठवण देतो. उत्तम प्रवचनकाराचे हे कसब आहे.

परंतु त्याच कसबात त्याचा दोष दडला आहे. मुख्य मजकुरात 'मुले' हा शब्दच नाही; 'सव्वीस मानव' एवढाच उल्लेख आहे. त्यांचे बालपण कळते ते नावांपुढील वयांवरून. खाणमालकाचे नाव मात्र आदरार्थी उपाधीसह कोरले आहे. सात वर्षांचे लेकरू भूगर्भात का होते, हा प्रश्न दगडाला पडत नाही. सारा भार आकाशावर टाकून तो मोकळा होतो.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा प्रभू येशूनेही श्रोत्यांना पश्चात्तापाची हाक दिली होती (लूक १३:४-५). तेवढ्यापुरता हा लेख शुभवर्तमानाशी इमान राखतो. पण पश्चात्ताप कोणी व कशाचा करायचा? त्याचे उत्तर दगडाने नव्हे, कायद्याने दिले. १८४० साली राजनियुक्त आयोग बसला आणि १८४२ च्या कायद्याने स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरवण्यास मनाई झाली. 'जागृत राहा' या वचनाचे ते अधिक खरे भाष्य होय.

आपणही निधनवार्तेत 'देवाज्ञा झाली' असे सहज लिहितो. श्रद्धेचा तो शब्द पवित्र आहे. म्हणूनच माणसाच्या हेळसांडीवर पांघरूण म्हणून तो वापरू नये.