आत्मविश्वास आधी की पेपर आधी?



पेटची तयारी करणारी एक मैत्रीण परवा म्हणाली, "माझ्यात आत्मविश्वासच कमी आहे गं, मला संशोधन जमेल का?" ही शंका तिला आली ती एक-दोन पेपर वाचून. प्राध्यापकांची मूल्यं, त्यांचा आत्मविश्वास आणि त्यांच्या संशोधनाचं प्रमाण, या विषयावर असे पेपर बरेच निघतात. तुमच्यापैकी कुणी सिनॉप्सिससाठी हाच विषय धरून बसलं असेल, तर आधी हे वाचा.

या अभ्यासांचा साचा साधारण ठरलेला असतो. प्राध्यापकांना प्रश्नावली द्यायची. 'मी संशोधनाचा आराखडा स्वतः तयार करू शकतो' अशा विधानांना एक ते पाच गुण. ही कल्पना अल्बर्ट बंडुरा यांची, 1977 सालची: एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास. मूल्यांसाठी बहुतेक वेळा शालोम श्वार्ट्झ यांची 1992 ची दहा मूल्यांची मांडणी. शेवटी 'गेल्या पाच वर्षांत किती पेपर?' असा प्रश्न, मग रिग्रेशन. विश्वास जास्त तिथे पेपर जास्त, निष्कर्ष तयार!

पण बंडुरा यांनीच सांगितलंय की असा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो आधी मिळालेल्या यशातून. मग बाण कुठल्या दिशेने काढायचा? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून हे कळूच शकत नाही. माझंच सांगते. पहिल्या वर्षी हीच प्रश्नावली दिली असती तर मी सगळीकडे एक किंवा दोन गुण दिले असते. पहिला पेपर स्वीकारल्याचा मेल आला त्या आठवड्यात बहुधा सगळीकडे पाच! मधल्या काळात माझा स्वभाव काही बदलला नव्हता. शिवाय विश्वास आणि पेपर, दोन्ही आकडे एकच माणूस एकाच बैठकीत सांगतो, हा दोष वेगळाच.

मला जास्त खटकतो तो पेपरांचा आकडा. 2010 च्या नियमावलीत यूजीसीने एपीआय गुण आणले आणि पेपर मोजणं थेट बढतीशी जोडलं गेलं. पुढे 2018 मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी छापली. यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली जी जर्नल्स त्यांनी तपासली, त्यातली 88 टक्क्यांहून जास्त निकषांवर टिकली नाहीत. आता सांगा, अशा ठिकाणी दहा पेपर छापणारा माणूस प्रश्नावलीत 'उत्पादक' ठरणार, आणि तिथे पाठवायचंच नाही असं ठरवलेला कमी उत्पादक. मूल्यांचा परिणाम मोजायला निघालो आणि तो जिथे खरोखर दिसतो, तीच जागा आकड्याने पुसून टाकली.

आमच्या लॅबमध्ये माझा एक ब्लॉट तीनपैकी दोनदाच आला. दोनवर भागलं असतं, खरं तर. गाईड म्हणाले, परत कर. त्यात आठ महिने गेले आणि त्या वर्षीच्या माझ्या खात्यात पेपर शून्य.

मूल्यं आणि विश्वासाने काहीच होत नाही, असं मी म्हणत नाहीये. कातालिन कारिको यांचं बघा. एमआरएनएवर काम करताना निधी मिळेना, 1995 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. ड्रू वाइसमन यांच्याबरोबरचा महत्त्वाचा पेपर 2005 चा, नोबेल 2023 चं. अधल्यामधल्या कुठल्याही वर्षी प्रश्नावली दिली असती तर त्यांचा विश्वास आणि त्यांचा 'आउटपुट' जुळला असता का? (अर्थात, तितक्याच हट्टाने टिकून ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. म्हणून हे उदाहरणही जपून वापरा.)

तर विषय घ्यायचाच असेल तर घ्या. फक्त विश्वास पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मोजा आणि त्याच लोकांकडे तीन वर्षांनी परत जा. पेपर त्यांना विचारू नका, स्वतः शोधून मोजा. शिकवण्याचे तास आणि लॅबची सोय नोंदवा. आणि एक प्रश्न वाढवा: तयार असूनही तुम्ही कुठला पेपर पाठवला नाहीत, आणि का?

मैत्रिणीने पेटचा फॉर्म भरलाय. प्रश्नावलीत ती आजही स्वतःला दोनच गुण देईल म्हणते.