लपतछपत चालणारा खेळ आणि लाल महालातला अंधार

मंडळी, फलकावर ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द वाचून काही जण आज घरीच थांबले असतील. थांबोत. आपल्या घरातली मुले रात्री दोन-दोन तास ज्या गोष्टीत डोके घालून बसतात, ती विचाराला वर्ज्य का असावी, हे आम्हाला कळत नाही.

आम्ही जो खेळ खेळून पाहिला त्याचे नाव ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’. तो २०१६ साली आला. काळ १८४१ चा, सुरुवातीचे ठिकाण अमृतसर. अरबाझ मीर नावाचा गुप्त मारेकरी कोहिनूरच्या मागावर आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला स्लीमन इथे खलनायक आहे, म्हणजे इतिहासाची फोडणी कितपत खरी ते ओळखा. कथेत फार दम नाही. चित्रे मात्र सुरेख आहेत, आणि खेळण्याची रीत विचार करायला लावणारी आहे. दाराआड लपायचे, पहारेकऱ्याची पाठ फिरली की सरकायचे. कोणाच्या नजरेला न पडता, कोणाला न मारता पुढे गेलात तर गुण जास्त. हे आम्हाला आवडले. हाणामारीच्या खेळात थांबून राहण्याला किंमत आहे, हे काही थोडे नव्हे.

आता अडचण सांगतो. या खेळात प्रत्येक पहारेकऱ्याची नजर पडद्यावर आखून दाखवलेली असते. डोळ्यांपासून निघणारा एक तिकोनी पट्टा. त्या पट्ट्याच्या बाहेर तुम्ही सुखरूप! तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न आहे : दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे मला कसे कळावे? खेळाने तो प्रश्न रंगीत खडूने सोडवून टाकला. आपल्या वाणगावात मिरचीच्या आणि चिकूच्या वाड्यांना रात्री राखण असते. राखण्या झोपलाय की डोळे मिटून पडलाय, हे चोराला कधी कळते का हो? आणि लपणाऱ्याची सगळी भीती तर तिथेच असते.

पुण्यातला लाल महाल घ्या. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, रमजानचा महिना. शिवाजी महाराज आणि त्यांची निवडक माणसे मुदपाकखान्याच्या बाजूने आत शिरली. मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान लिहितो की बुजवलेली खिडकी फोडताना झालेला आवाज नोकरांना ऐकू गेला, त्यांनी शाइस्तेखानाला जाऊन सांगितलेही. खानाने त्यांनाच झापले. रमजान आहे, स्वयंपाकाला लोक उठले असतील, असे त्याला वाटले. बघा, आवाज ऐकला होता, खबर पोचली होती, चुकला तो अर्थ. हे कोणत्या तिकोनी पट्ट्यात बसवणार? शिवाय आत शिरलेल्यांना तरी खानाने काय अर्थ लावला हे कुठे ठाऊक होते! आणि त्यांना एकच खेप होती. अरबाझ मीर पकडला गेला की दोन पावले मागून पुन्हा सुरू. पहारेकरीही पुन्हा त्याच जागी, त्याच चालीने. दहा वेळा मरून शिकलेल्या वाटेला खेळात कौशल्य म्हणतात. लाल महालात तसे म्हणायला कोणी उरले नसते.

पण आमचा खरा आक्षेप याहून पुढचा आहे. या मालिकेची मूळ कल्पना अशी की खेळणारा आपल्या पूर्वजाची आठवण जगत असतो. २००७ च्या पहिल्या खेळापासून एक नियम आहे : निरपराध माणसांना मारत सुटलात तर खेळ तुम्हाला बजावतो की तुमच्या पूर्वजाने असे केले नव्हते, आणि आठवण तुटते. ही कल्पना फार हुशार आहे. इतिहास स्वतःच खेळणाऱ्याचा हात धरतो. पण पूर्वजाने असे केले नव्हते, हे ठरवले कोणी? म्हणजे आठवण आधीच धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेली आहे.

लाल महालात खानाची बोटे गेली, मुलगा अबुल फत्ह मारला गेला, हे आपण शाळेत शिकतो. अंधारात बायकांवरही वार झाले, हे खाफीखान नोंदवतो. तो शत्रुपक्षाचा, तेव्हा त्याला पारखून घ्या जरूर. पण स्त्रियांना उपद्रव होऊ नये असा शिवाजी महाराजांचा सक्त नियम होता, हेही हाच खाफीखान, त्यांच्याविषयी कडू लिहिणारा, कबूल करतो. एक साक्ष घ्यायची आणि दुसरी टाकायची, असे करता येत नाही. दोन्ही घेतल्या तर काय दिसते? नियम करणारा माणूस स्वतः तिथे हजर, आणि तरी अंधारात तलवार कोणावर पडते हे तलवार धरणाऱ्याला दिसत नाही. आम्हाला तरी त्या रात्रीचे मोठेपण आणि तिचा भार एकाच ठिकाणी दिसतो.

कोणी म्हणेल, असे दाखवले तर भावना दुखावतील. महाभारताने दाखवलेच की! सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरतो, आणि लगेच पुढचे पर्व स्त्रियांचे आहे. रात्री काय झाले ते सकाळी रणांगणावर आलेल्या बायकांच्या डोळ्यांनी पाहायला लावले आहे. अश्वत्थाम्याची आणि शिवाजी महाराजांची तुलना आम्ही करत नाही, गैरसमज नको. तिथे सूड होता, इथे मुलूख दाबून बसलेल्या सरदाराला उठवायचे होते. आम्ही सांगतो आहोत ते एवढेच, की रात्रीचा छापा पूर्ण सांगायची रीत आपल्याकडे जुनी आहे.

आपल्याकडची मुले विचारतात, महाराजांवर असा खेळ का नाही? व्हावा. करणाऱ्यांनी पहिल्यांदा तो नजरेचा पट्टा पुसावा. मग मुदपाकखान्याची भिंत, अर्धवट जागा असलेला आचारी, आणि छाप्यातल्या लोकांनी खानाच्या नावाने हुकूम देऊन वाजवायला लावलेले नगारे. तेही खाफीखानातच आहे. तो आवाज एवढा वाढवावा की खेळणाऱ्याला शत्रूचे ओरडणे ऐकू येऊ नये आणि आपल्या माणसांचेही. समोरचा पडदा हलतो आहे. मागे कोण आहे, माहीत नाही. आणि मागे जाऊन पुन्हा सुरू करण्याचे बटण तेवढे त्या दालनात काढून ठेवावे.