कुंभाराचं गाढव आणि शेवाळाचं टॉनिक

मित्रहो, तत्त्वज्ञानाचा माणूस फवारणीवर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. पण समुद्री शेवाळाचा अर्क पिकाला लागू पडतो का, हा प्रश्न कारणाचा आहे, आणि कारण कशाला म्हणावं हा आमचा फार जुना धंदा.

आधी एक बाजू निकालात काढू. हे सगळं थोतांड, असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा: लिटरला दोन-तीन मिली अर्क, त्यात नत्र किती, स्फुरद किती? नगण्य. हे खरंच आहे. पण अर्क खताच्या तागडीत तोलायचा कशाला? नॉर्वे-आयर्लंड-कॅनडाच्या थंड किनाऱ्यावरचं ॲस्कोफायलम घ्या. त्यात सायटोकायनिनसारखी संप्रेरकं असतात, बीटेन असतं. संप्रेरक अगदी सूक्ष्म मात्रेतही काम करतं. पाण्याचा, क्षारांचा ताण पडलेल्या पिकाला अशा अर्काने हात दिल्याचे प्रयोग आहेत. आपल्याकडे मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस वाढवतात. ते ताजं पिळून रस काढायची पद्धत भावनगरच्या केंद्रीय संस्थेने बसवली. तेव्हा वस्तू खरी आहे.

माझं भांडण वस्तूशी नाही, 'टॉनिक' या शब्दाशी आहे. टॉनिक म्हटलं की कशावर, किती, केव्हा, हे विचारायचं राहूनच जातं.

नाशिककडची द्राक्षबाग बघा. ऑक्टोबर छाटणी झाली, जिबरेलिक दिलं, विरळणी केली, कुणी गर्डलिंगही केलं. मधे दोनदा शेवाळाचा अर्क. मणी टपोरा झाला. श्रेय कुणाला? बाटलीवरचा फोटो म्हणतो, मला. नैयायिक इथे कुंभाराचं गाढव पुढे आणतात. गाढवाने माती आणली, मडकं झालं. म्हणून गाढव मडक्याचं कारण नव्हे. याला ते अन्यथासिद्ध म्हणतात. आधी हजर होता, एवढ्याने कुणी कारण ठरत नाही. (गाढवाची निंदा नाही हं, ओझं त्यानेच वाहिलेलं असतं.)

मग ठरवायचं कसं? अन्वय आणि व्यतिरेक. अर्क आहे तिथे फळ चांगलं, हा अन्वय. तो सगळ्यांकडे आहे. बाकी सगळं तेच, फक्त अर्क नाही, आणि फळही तसं नाही, हा व्यतिरेक. तो मिळत नाही, कारण अख्खी बाग फवारलेली असते. चार ओळी सोडा, आणि त्यांवर नुसतं पाणी मारा. कोरड्या ठेवल्यात तर फरक अर्काचा की ओलाव्याचा, हे कळणार नाही. त्यातही गोम आहे. कप्पाफायकसच्या रसात पालाश भरपूर असतं. मग गुण शेवाळाचा की पालाशाचा? त्यासाठी तेवढंच पालाश दिलेल्या आणखी चार ओळी हव्यात.

फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकं आणली, त्यांत समुद्री शेवाळाचे अर्कही आले, आणि परिणामाची चाचणी मागितली. चांगलं केलं. मात्र पुढे तात्पुरत्या नोंदणीला मुदतवाढी मिळत राहिल्या. म्हणजे विक्री आधी, व्यतिरेक सावकाश.

शेतकरी मला म्हणतात, सर, सोडलेल्या ओळींचं नुकसान कोण भरणार? रास्त प्रश्न आहे. कर्ज काढून बाग उभी केलेल्याने आपल्या चार ओळी ज्ञानासाठी का द्याव्यात? माझ्या मते त्या ओळींचा हिशेब बाटली विकणाऱ्याने द्यावा, आणि निकाल, कसाही लागो, दुकानाच्या भिंतीवर लावावा.